बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार, हिंसेचा शिक्का आणि आपली घरे

धागा: कुळागर

नमस्कार. हा विषय येथे मांडावा की नाही, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. माझ्या धाकट्या बहिणीला तीन वर्षांपूर्वी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे ज्याला थोडक्यात बीपीडी म्हणतात तो विकार, असल्याचे निदान झाले. आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले, काका-काकू, आजी, आई-बाबा आणि आम्ही भावंडे असे एकत्र राहणारे. बहिणीला विचारूनच लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील मात्र बदलले आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधून झाली होती, आरती झाली होती आणि पुरुषमंडळींची पाने मांडायची तयारी चालली होती. तेव्हा आतेभावाने सर्वांसमोर तिला विचारले, "गोळ्या घेतेस ना वेळेवर? आज परत तमाशा नको." तिने हातातला पितळी तांब्या त्याच्या अंगावर फेकला. नशिबाने नेम चुकला, तांब्या भिंतीवर आदळला, गिलाव्याचा टवका उडाला आणि गणपतीपुढे पाणीच पाणी झाले. तेव्हापासून नात्यागोत्यात तिचे नाव निघाले की दुसरे वाक्य तांब्याचे असते. तिच्या हाती सुरी देऊ नका, लहान मुलांना तिच्या खोलीत पाठवू नका, असे सल्ले आईला फोनवरून मिळतात.

त्याच दिवशी सकाळी काय झाले होते, ते मात्र कोणी सांगत नाही. ती रडत रडत कोणाशी तरी बोलत होती म्हणून काकांनी तिच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतला आणि तसे करताना तिचे मनगट असे पिरगळले की संध्याकाळी तेथे बोटांचे निळे वळ दिसत होते. त्याआधीच्या वर्षी तिला माडीवरच्या खोलीत बाहेरून कडी घालून दीड दिवस ठेवले होते. पुढे देवळात कौल घेतला. त्याला माझा आक्षेप नाही, कारण आईला तेथे धीर मिळतो. परंतु तेथून परतल्यावर कोणाच्या तरी सांगण्यावरून तिला एका माणसाकडे नेले आणि त्याने केस धरून तिला प्रश्न विचारले. या सर्व प्रकारांना आमच्या घरात "तिला आवरले" असे म्हणतात. हिंसा हा शब्द तांब्यासाठी राखून ठेवला आहे.

तिने सर्वांत जास्त इजा कोणाला केली असेल, तर ती स्वतःला. ऐन मे महिन्यात ती लांब बाह्यांचे कपडे का घालते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. एकदा रात्री तिला टाके घालण्यासाठी एका रुग्णालयात नेले. जुने कागद पाहिल्यावर तेथील तरुण डॉक्टर म्हणाले, "स्वतः कापताना दुखले नाही, मग आता कशाला भूल?" सात टाके होते. तिने माझा हात धरला होता आणि तिची नखे माझ्या तळहातात रुतत होती, पण तोंडातून आवाज काढला नाही. परतताना गाडीत ती एवढेच म्हणाली, "ओरडले असते तर नाटक म्हटले असते."

ज्यांच्या घरी अशी परिस्थिती आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. केवळ सहानुभूती नको. घरच्यांना काय सांगावे, ते मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद: मांडवीकाठ

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडे लांबले तर क्षमस्व.

आधी नावाविषयी. "बॉर्डरलाइन" हा शब्द अडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकाने १९३८ मध्ये वापरला. त्या काळी मानसिक आजारांचे जे दोन ढोबळ गट मानले जात, त्यांपैकी कोणत्याच गटात नीट न बसणाऱ्या रुग्णांसाठी तो होता. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० साली समाविष्ट झाला. आता स्टर्न यांची मांडणी मागे पडली, नाव तेवढे राहिले आणि आपल्याकडे ते ऐकणाऱ्याला वाटते की ही व्यक्ती काठावर उभी आहे, कधी तोल सुटेल त्याचा नेम नाही. नावातच भीती पेरलेली असल्यासारखे होते.

या पुस्तिकेत नऊ निकष आहेत आणि त्यांतले कोणतेही पाच असले तर निदान होऊ शकते. हिशेब केला तर लक्षणांचे २५६ वेगवेगळे संच निघतात. म्हणजे एकाच निदानाच्या दोन व्यक्तींमध्ये एकच लक्षण समान असू शकते. अनावर राग हा त्या नवांपैकी एक निकष आहे. आपले माणूस सोडून जाईल ही जिवाचा थरकाप उडवणारी भीती, सततचे रितेपण, स्वतःविषयीची डळमळीत कल्पना, तासातासाला बदलणारी मनःस्थिती, स्वतःला इजा करणे, ही लक्षणे त्याच यादीत आहेत, परंतु ती शेजाऱ्यांना ऐकू जात नाहीत. राग ऐकू जातो.

आता हिंसेविषयी, आणि येथे मी काहीही झाकून ठेवणार नाही. बीपीडी आणि इतरांवरील हिंसा यांचा संबंध अनेक अभ्यासांत तपासला गेला आहे. दारू, अमली पदार्थ आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार हे घटक वेगळे काढले की तो संबंध बराच क्षीण होतो. जोडीदारासोबतच्या भांडणांत मात्र तो काही प्रमाणात उरतो, आणि जिथे नाते सर्वांत जवळचे तिथेच तुटण्याची भीती सर्वांत मोठी, हे लक्षात घेतले तर त्यात आश्चर्य नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला या विकारापासून धोका आहे, अशी जी समजूत आहे तिला आधार नाही. उलट, ज्या व्यक्तींच्या मागे हा शिक्का लागतो, त्या स्वतः हिंसा सोसलेल्या असण्याची शक्यता फार मोठी आहे. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा असे दिसले की, लहानपणी छळ किंवा हेळसांड झाल्याचे सांगण्याचे प्रमाण या रुग्णांमध्ये निरोगी व्यक्तींच्या तुलनेत सुमारे १४ पट होते. प्रत्येक रुग्णाच्या घरात अत्याचार झालाच असेल असा याचा अर्थ नाही. जन्मजात हळवेपणाही असतोच. परंतु "ही हिंसक आहे" असे म्हणण्यापूर्वी तिच्यावर काय ओढवले, हे विचारण्याचे कारण त्यात नक्कीच आहे.

आतेभावाने ज्या गोळ्यांविषयी विचारले, त्यांच्याबद्दल एक वाक्य. या विकारासाठी म्हणून खास मान्यता मिळालेले एकही औषध आजवर नाही. औषधे सोबतच्या नैराश्यासाठी, झोपेसाठी वा अस्वस्थतेसाठी दिली जातात, मुख्य उपचार संवादाचाच आहे. आपल्या घरांत मात्र गोळी ही दाव्यासारखी समजली जाते. ती घेतली की जनावर बांधले गेले.

थोडे विषयाला सोडून, तरी सोडून नाही. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करणाऱ्या या पाद्रींचा तो पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवला. एक पुरुष हात पसरून कोसळणाऱ्या स्त्रीवर झुकलेला आहे. माझ्यासोबत आलेल्या पाहुण्यांपैकी अनेकांनी विचारले आहे की, हा तिला मारतो आहे का? बांबोळीच्या मनोरुग्णालयाचे पूर्वीचे नाव याच फारियांचे होते. मला त्या पुतळ्यासमोरून जाताना नेहमी वाटते की, उपचार कोणता आणि बळजबरी कोणती हे लांबून पाहणाऱ्याला कळत नाही, कोसळणारीला कळते.

प्रतिसाद: शेजारधर्म

लेख वाचून वाईट वाटले. तरीही एक व्यावहारिक प्रश्न विचारतो, राग मानू नये. घरात लहान मुले असताना कुटुंबीयांनी काळजी घेतली तर त्याला लगेच कलंक म्हणावे का?

प्रतिसाद: कुळागर

राग नाही. माझा स्वतःचा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि तो मावशीच्या खोलीतच झोपतो. तिने त्याच्यावर कधी आवाजही चढवला नाही. काळजी घेणे आणि वाळीत टाकणे यांतला फरक त्या खोलीत दिसतो, एवढेच सांगते.

प्रतिसाद: टिप्पर

मी फारसा लिहिणारा नाही. माझ्या पत्नीला हाच विकार आहे आणि मी मार खाल्लेला आहे. हे स्पष्ट लिहितो, कारण मांडवीकाठ यांनी जोडीदाराविषयी लिहिलेले वाक्य वाचून मला प्रथमच वाटले की कोणीतरी ही गोष्ट मान्य करते. कुकरचे झाकण खांद्याला लागले होते, त्याची खूण अजून आहे. पुरुषाने असे सांगितले की लोक हसतात, आणि हसले नाहीत तर "सोडून दे" म्हणतात.

परंतु अर्धी गोष्ट सांगून मी थांबलो तर तो खोटेपणा होईल. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणारे माझे दोन टिप्पर दारात उभे राहिले. मधे थोडे दिवस काम मिळाले, पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये सगळे बंद. बँकेचे हप्ते थकले, मी पिऊ लागलो. रात्री उशिरा यायचो, फोन उचलत नव्हतो. तिला सर्वांत मोठी भीती मी परत येणार नाही याची, आणि मी रोज रात्री तीच भीती खरी करून दाखवत होतो. झाकण लागले त्या रात्री आधी मी तिच्या कानशिलात मारली होती. हे मी डॉक्टरांना पहिली दोन वर्षे सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही, कारण कागदावर आजार तिच्या नावावर होता आणि मी सोबत आलेला नवरा होतो. भांडणाचा इतिहास माझ्याकडून लिहून घेतला गेला. ती समोर बसली होती आणि तिने एकदाही मला खोडले नाही. नंतर विचारले तर म्हणाली, "माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होते?"

आता मी तीन वर्षे पीत नाही. भांडणे होतात, पण आम्ही एक ठरवून घेतले आहे: आवाज चढला की मी "अर्ध्या तासाने येतो" असे सांगून अंगणात जातो आणि अर्ध्या तासाने येतोच. आधी मी न सांगता निघून जायचो, त्याने आग वाढायची. परत येण्याची वेळ सांगणे आणि ती पाळणे यानेच आमच्या घरातली फेकाफेक थांबली. हा माझा अनुभव आहे, सर्वांना लागू होईल असे म्हणत नाही. ज्यांना खरोखर जिवाची भीती वाटते त्यांनी आधी बाहेर पडावे. आजार आहे म्हणून मार सोसत राहावे, असे मी कोणालाही सांगणार नाही.

प्रतिसाद: रात्रपाळी

टिप्पर, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

मी परिचारिका आहे, कोठे ते सांगत नाही. टाक्यांची घटना वाचून मला धक्का बसला नाही, आणि याचीच मला लाज वाटते. वॉर्डात पाळी बदलताना आम्ही एकमेकींना रुग्णांची माहिती देतो. मधुमेही रुग्णाची साखर सांगतो, तापाच्या रुग्णाचा ताप सांगतो, आणि अशा मुलीविषयी सांगतो, "तिच्याकडे फार लक्ष देऊ नकोस, लक्ष वेधून घ्यायला करते." म्हणजे तिचा त्रास कळण्यापूर्वीच पुढच्या पाळीचे मन बंद झालेले असते. ती घंटा वाजवते, कोणी जात नाही. ती पुन्हा वाजवते, मग ओरडते, आणि मग फाइलमध्ये "आक्रमक" असे लिहिले जाते. घंटेला किती वेळ कोणी गेले नाही, याची नोंद कोठेच नसते.

हे केवळ आमच्याकडचे नाही. ब्रिटनमध्ये लुईस आणि अॅपलबी या दोघांनी १९८८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांना रुग्णाचे वर्णन वाचायला दिले होते. त्याच वर्णनात व्यक्तिमत्त्व विकाराचे जुने निदान जोडले की तो रुग्ण तज्ज्ञांना त्रासदायक, लक्ष वेधणारा, सहानुभूतीस कमी पात्र वाटू लागला. शिकलेल्या माणसांचे हे, तर घरच्यांना किती दोष द्यावा?

स्वतःला इजा करणाऱ्या रुग्णालाही दुखते. त्या क्षणी मन बधिर झालेले असू शकते, परंतु तासाभराने सुई टोचते तेव्हा कातडी कोणाचीही असते तशीच असते. भूल न देता टाके घालणे ही शिक्षा आहे, उपचार नाही. पुढच्या वेळी असे झाले तर तेथेच, शांतपणे, वरिष्ठ डॉक्टरांना बोलावण्याची मागणी करावी आणि केसपेपरवर तशी नोंद करवून घ्यावी.

प्रतिसाद: पाटो

मी वकिली करतो. रात्रपाळी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून लिहितो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात कोणत्याही विकाराचे नाव घेऊन यादी दिलेली नाही. निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणासारख्या मान्य वैद्यकीय निकषांनुसारच व्हावे, असे कलम ३ सांगते. त्याच कलमाप्रमाणे, कुटुंबाच्या किंवा समाजाच्या नैतिक कल्पनांशी न पटणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, आणि मानसिक आजार आहे एवढ्यावरून ती व्यक्ती "वेडसर" ठरत नाही. ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकते. क्रूर आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण कलम २० मध्ये आहे, गोपनीयता कलम २३ मध्ये. रुग्णाची माहिती वा छायाचित्र तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास कलम २४ मनाई करते. आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत "माथेफिरू" हा शब्द अजून सर्रास येतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

ज्या बहिणी-मुली स्वतःला इजा करण्याच्या टोकापर्यंत जातात, त्यांच्या घरच्यांना पोलिसांची भीती वाटते आणि त्यामुळे रुग्णालयात नेण्यास उशीर होतो. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे पूर्वीच्या दंड संहितेतील कलम ३०९ नाही. म्हणून नेण्यास विलंब करू नये.

खोलीला बाहेरून कडी घालणे आणि मनगट पिरगळणे याविषयी: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा माहेरच्या घरालाही लागू होतो. एकत्र राहणाऱ्या रक्ताच्या नात्यातील पुरुषांविरुद्ध अविवाहित मुलगीही त्याचा आधार घेऊ शकते. वापरावाच असे नाही, परंतु काकांना तो ठाऊक असणे उपयोगाचे ठरेल.

प्रतिसाद: अबोली

मला हाच विकार आहे. माझे वय २९. तीन दिवस हा धागा वाचत होते.

राग म्हणजे काय होते, ते सांगण्याचा प्रयत्न करते. म्हापशाहून कदंबा बसने पणजीला येत होते. मैत्रिणीला संदेश पाठवला होता, तिने वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. पर्वरीपर्यंत मला खात्री झाली की मी तिला नकोशी झाले. मांडवीचा पूल येईपर्यंत छातीत असे काही भाजत होते की खिडकीची काच फोडावी किंवा मी फुटावे. शेजारी बसलेल्या बाईंना यातले काहीही दिसले नाही. बसस्थानकावर उतरून मी बर्फाच्या पाण्याची बाटली घेतली आणि डोळे मिटून गालांवर धरली. ही युक्ती उपचारांत शिकवली आहे. थंडीने शरीराचा वेग खाली येतो. वीस मिनिटे लागली. मैत्रीण कार्यालयीन बैठकीत होती.

हे उपचार, ज्यांना डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी म्हणतात, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी घडवले, आणि २०११ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केले की तरुणपणी त्या रुग्णालयाच्या बंद खोलीत स्वतःला इजा करणाऱ्या रुग्ण होत्या. मी ते वाचले तेव्हा खूप रडले.

मी आजवर कोणावर हात उचललेला नाही. तरीही नोकरीच्या ठिकाणी निदान कळल्यावर एका सहकाऱ्याने टेबलावरची कात्री उचलून खणात ठेवली. तो वाईट माणूस नाही. ती कात्री मात्र मला अजून दिसते.

प्रतिसाद: मांडवीकाठ

अबोली यांनी उपचारांचा विषय काढला म्हणून एक भर घालते. अमेरिकेत मेरी झानारिनी या संशोधिकेने या विकाराच्या २९० रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. त्या काळात ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या पातळीखाली राहिली, आणि सुमारे निम्मे रुग्ण नाती व काम यांसह नीट उभे राहिले. "हा स्वभाव आहे, बदलणार नाही" असे जे घरोघरी ऐकवले जाते, ते चूक आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: या विकारात आत्महत्येचा धोका मोठा असतो, म्हणून "नुसती धमकी देते" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही उपलब्ध आहे. घरच्यांनीही तेथे बोलावे.

प्रतिसाद: कुळागर

सर्वांचे आभार. टिप्पर यांचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, परंतु माडीवरच्या खोलीची बाहेरची कडी त्यांनी काल पेचकस घेऊन स्वतः काढली. काकांशी बोलणे अजून व्हायचे आहे.

बहिणीने संपूर्ण धागा वाचला आणि माझ्या लेखात एक दुरुस्ती सांगितली आहे, ती येथे नोंदवते. तिने तांब्या आतेभावाच्या अंगावर फेकला नव्हता. तिने तो भिंतीवर फेकला, कारण समोर माणसे होती. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. आवाज ऐकून बाहेर आले आणि पुढे सगळे जसे सांगत राहिले तसे मीही सांगत राहिले. आज सकाळी जाऊन पाहिले. गिलाव्याचा टवका तुळशीकडच्या दाराशेजारी आहे. आतेभाऊ माटोळीखाली, बरोबर उलट्या बाजूला बसला होता. ती खूण दोन वर्षे मी रोज पाहत आहे.